वेगाआधी ब्रेक

खंडाळ्याचा घाट उतरताना येणारा एक वास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जळक्या रबराचा म्हणावा तर तसा नाही, करपलेल्या भाकरीचा म्हणावा तर त्याहून उग्र. गाडीतलं कुणीतरी विचारतं, "आपल्याच गाडीचा येतोय का?" पुढच्या वळणावर उत्तर सापडतं. भरलेला ट्रक कडेला उभा असतो, मागच्या चाकांतून धूर निघत असतो आणि क्लीनरनं चाकांखाली दोन दगड लावून ठेवलेले असतात. ब्रेकचे लायनर तापलेत. ते निवेपर्यंत ट्रक हलणार नाही.

आपली रोजची गाडी घेऊन पहिल्यांदा शर्यतीच्या ट्रॅकवर निघालेल्या माणसानं हा ट्रक डोळ्यांसमोर ठेवावा. त्याच्या डोक्यात असतं भलतंच: इंजिनची ताकद, एक्झॉस्टचा आवाज, चौथ्या गिअरमधला पिकअप. पण ट्रॅकवर तासाभरात त्याला बाहेर बसवतात ते ब्रेक. गाडी पळवायला सरळ रस्ता आणि दाबलेला पाय एवढं पुरतं, तेवढं तर कुठलीही गाडी करते. तीच गाडी वीस मिनिटं, प्रत्येक वळणाआधी, त्याच जागी, त्याच भरवशानं हळू करता येणं ही खरी परीक्षा. म्हणून हौशी मोटरस्पोर्टसाठी गाडी तयार करणं म्हणजे बारा आणे तरी ती थांबण्यासाठी तयार करणं असतं.

दोन लिटर पाण्याचा हिशोब

माणसासकट हजार किलो वजनाची एक छोटी हॅचबॅक घेऊ. सरळ रस्त्याच्या शेवटी तिचा वेग ताशी १५० किलोमीटर आहे आणि पुढचं वळण ७०नं घ्यायचं आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्या हिशोबानं एवढा वेग उतरवताना सुमारे ६८० किलोज्यूल ऊर्जा कुठंतरी जावी लागते. ती जाते मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये, उष्णता होऊन.

६८० किलोज्यूल म्हणजे किती? दोन लिटर गार पाण्याला उकळी फोडायला साधारण एवढीच उष्णता लागते. घरच्या शेगडीवर त्याला आठ-दहा मिनिटं जातात. ट्रॅकवर हे काम तीन सेकंदांत उरकतं. डिस्क जरा निवते न निवते तोच पुढचं वळण येतं आणि पुन्हा दोन लिटर. शहरात सिग्नलला ५०च्या वेगावरून पूर्ण थांबतानासुद्धा याचा सातवा हिस्साच उष्णता तयार होते, आणि दोन सिग्नलांच्या मध्ये ब्रेकला भरपूर वारा मिळतो. गाडीच्या कंपनीनं ब्रेक केले ते त्या आयुष्यासाठी. त्यात कंपनीची चूक नाही, आपण गाडीला वेगळंच काम सांगतो आहोत.

अंतराचंही तसंच. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, १००च्या वेगावरून ही गाडी सुमारे ५० मीटरांत थांबते. १५०वरून थांबायला ११० मीटर लागतात. वेग दीडपट झाला, अंतर दुपटीच्या वर गेलं. शिवाय डोळ्यानं पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात आणखी ४२ मीटर संपलेले असतात. रस्त्यावर १५०नं जाणाऱ्याला हे गणित माहीत नसतं. ट्रॅकवर ते पहिल्याच दिवशी पायाच्या तळव्याला कळतं.

धावपट्टीवरून सुरुवात

भारतात मोटारींच्या स्पर्धा नव्या नाहीत. १९०४ साली मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेनं दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी-स्पर्धा भरवली होती. तेव्हा शर्यत एकमेकांशी कमी आणि रस्त्याशी जास्त होती. गाडी मुंबईला पोचली हेच मोठं यश.

ट्रॅकवरच्या शर्यती मात्र युद्धानं मागे ठेवलेल्या धावपट्ट्यांवर वाढल्या. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन हे दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर विमानांचा तळ होता, १९४८मध्ये तिथं ब्रिटिश ग्रां प्री झाली. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमची धावपट्टी तशीच युद्धकाळातली. कित्येक वर्षं देशभरातले हौशी लोक गाड्या घेऊन तिथं जमत. १९९०मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टई इथं खास शर्यतीसाठी ३.७१७ किलोमीटरचा, बारा वळणांचा ट्रॅक बांधला. देशातल्या हौशी चालकांच्या दोन पिढ्या तिथं घडल्या.

याच सुमाराला कोइम्बतूरचे एस. करिवर्धन एक वेगळा प्रश्न सोडवत होते: शर्यतीची गाडी स्वस्त कशी करायची? गल्लोगल्ली सापडणारं इंजिन घ्यायचं, हे त्यांचं उत्तर. मारुती ८००चं तीन सिलिंडरांचं, ७९६ सीसीचं इंजिन एका हलक्या, एक आसनी, उघड्या चाकांच्या सांगाड्यात बसवलं आणि 'फॉर्म्युला मारुती' तयार झाली. इंजिन किराणा आणायला जाणाऱ्या गाडीचं, तरी गाडी शर्यतीची. कारण सांगाडा हलका होता, वळत नीट होता आणि थांबत नीट होता. पुढे २००५मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच वर्गातून वर आला. करिवर्धन १९९५मध्ये विमान अपघातात गेले. कोइम्बतूरचा 'करी मोटर स्पीडवे' हा ट्रॅक त्यांच्या नावाचा आहे.

उत्तरेत ग्रेटर नोएडाचा बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथं फॉर्म्युला वन आली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. महाराष्ट्रात त्या तोडीचा ट्रॅक नाही, पण आपण अगदीच कोरडे नाही. कोल्हापूरच्या मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. नाशिकच्या आसपासच्या वाटांवर राष्ट्रीय रॅली धावली आहे. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या ड्रॅग शर्यती होतात आणि तळेगावजवळ नानोलीला एक छोटा खासगी ट्रॅक आहे. तरी पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला मोठ्या ट्रॅकची चव घ्यायची असेल, तर चेन्नईपर्यंतचे सुमारे तेराशे किलोमीटर कापावे लागतात. गाडी ट्रेलरवर न्यायची ऐपत फार थोड्यांची, त्यामुळे बहुतेक जण त्याच गाडीनं जातात आणि त्याच गाडीनं परत यायचं असतं. ही अट पुढच्या सगळ्या तयारीत लक्षात ठेवायची आहे.

कुठून सुरुवात करावी

ट्रॅकवर जायच्या आधीच्या स्वस्त पायऱ्या पुष्कळ आहेत. पहिली कार्टिंगची. जमिनीपासून बोटभर उंचीवर बसायचं, सस्पेन्शन नाही, काच नाही. ताशी ६०चा वेग शंभरासारखा वाटतो आणि चूक झाली तर बहुधा टायरांच्या भिंतीला धक्का लागण्यावर भागतं. चाकाची पकड सुटताना कशी जाणवते, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही.

दुसरी पायरी ऑटोक्रॉसची. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून वाट आखलेली असते, एका वेळी एकच गाडी सुटते आणि लढत घड्याळाशी असते. शेजारी दुसरी गाडी नसल्यानं नवख्याची भीती निम्मी होते.

तिसरी पायरी वेळ, वेग आणि अंतर यांच्या गणिताची रॅली. हिच्यात जोरात जाणाऱ्यालाच दंड होतो. ठरवून दिलेल्या सरासरी वेगानं, ठरलेल्या सेकंदाला ठरलेल्या ठिकाणी पोचायचं असतं. मुंबईहून अ‍ॅम्बी व्हॅलीला जाणारी महिलांची रॅली याच जातीची. चालकाइतकंच महत्त्व शेजारी मांडीवर कागद घेऊन बसलेल्या नॅव्हिगेटरला. नवरा-बायको, भाऊ-बहीण, मैत्रिणी अशा जोड्यांची इथं खरी कसोटी लागते. "मी सांगितलं होतं डावीकडे!" हे वाक्य प्रत्येक रॅलीत ऐकू येतं.

ट्रॅकवरचा हौशी दिवस ही यानंतरची पायरी. तो शर्यत नसतो. गाड्या गटागटानं सोडतात, ओलांडायचं कुठं ते ठरवून देतात आणि क्रमांक कुणालाच मिळत नाही. खरोखर शर्यतीत उतरायचं असेल, तर देशातल्या मोटरस्पोर्टचं नियमन करणाऱ्या एफएमएससीआय या महासंघाचं स्पर्धा-लायसन्स लागतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, त्याला दंड आणि तुरुंगवास दोन्हींची तरतूद आहे. मूळ बनावटीत परवानगीशिवाय बदल केलेली गाडी रस्त्यावर आणली, तर कलम ५२ आड येतं. आणि गाडीच्या नेहमीच्या विम्यातून संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर पत्रा चेपला तर खर्च आपला. म्हणून जुन्या जाणत्यांचा नियम असा: जी गाडी तिथंच सोडून एसटीनं घरी यावं लागलं तरी झोप उडणार नाही, तीच गाडी ट्रॅकवर न्यावी.

गॅरेजमधला क्रम

गाडी घेऊन आपण ओळखीच्या मेकॅनिककडे जातो आणि 'ट्रॅकला न्यायचीय' म्हणतो. त्याचे डोळे चमकतात. एअर फिल्टर बदलू, एक्झॉस्ट मोकळा करू, ईसीयू रीमॅप करून घेऊ. हे सगळं हसून बाजूला ठेवायचं. दहा अश्वशक्ती वाढल्या, म्हणजे सरळ रस्त्याच्या टोकाला वेग थोडा वाढला, म्हणजे ब्रेकवर आणखी बोजा पडला. खर्चाचा क्रम उलटा लावायचा.

सगळ्यात आधी ब्रेक ऑइल. गॅरेजमध्ये त्याला ऑइल म्हणतात, पण गाडीत असतो तो ग्लायकॉल जातीचा द्रव, आणि त्याला हवेतलं पाणी ओढून घ्यायची खोड असते. मिठाच्या बरणीचं झाकण पावसाळ्यात नीट लागलं नाही तर जे होतं, तेच याचंही होतं, फक्त दिसत नाही. नवं, कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ हे २३०ला आणि डॉट ५.१ हे २६०ला. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४०, १५५ आणि १८० होतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीच्या नळ्यांत काय असेल, ते यावरून समजावं.

ऑइल उकळलं की होतं काय? द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये वाफेचा बुडबुडा झाला, की पायाचा सगळा जोर तो बुडबुडा चेपण्यात जातो. पेडल स्पंजासारखं खाली जातं, तळाला टेकतं, आणि गाडी पळतच राहते. असं झालं तर पेडल भराभर दोन-चार वेळा मारायचं आणि गिअर उतरवायचे. पण त्यापेक्षा निघायच्या आठवड्यात ऑइल पूर्ण बदलून, चारही चाकांना ब्लीडिंग करून नळ्यांतली हवा काढणं कितीतरी सोपं. निघणारं जुनं ऑइल एका काचेच्या बाटलीत जमा करून पाहावं. नवं मधासारखं फिकट असतं, जुनं टपरीवरच्या चहासारखं. एक सावधगिरी: नुसतं 'डॉट ५' नाव असलेलं, सिलिकॉनचं ऑइल हे वेगळंच प्रकरण आहे, ते साध्या गाडीत घालायचं नाही.

दुसरे पॅड. इथं दोष वेगळा आणि त्याची खूणही वेगळी. ऑइल उकळलं तर पेडल मऊ होतं. पॅड तापून पकड सोडतात तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट राहतं, पाय थरथरेपर्यंत दाबलं तरी गाडी मात्र ऐकत नाही. घाटातल्या ट्रकचं दुखणं हेच. रस्त्यासाठीचे पॅड साधारण साडेतीनशे-चारशे अंशांपलीकडे असे लाचार होऊ लागतात. मग अस्सल रेसिंगचे पॅडच का लावू नयेत? कारण ते थंड असताना नीट धरत नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटपाशी वॉचमन आडवा आला, तर तिथं उपयोग गार असताना धरणाऱ्या पॅडचाच. शिवाय रेसिंगचे पॅड किंचाळतात आणि डिस्क खातात. तेराशे किलोमीटर त्याच गाडीनं परत यायचं असेल, तर मधल्या दर्जाचे, थोडी जास्त उष्णता सोसणारे पॅड बरे. आणि ते अर्ध्याहून जास्त शिल्लक हवेत, कारण पातळ झालेला पॅड उष्णता थेट पिस्टनला आणि ऑइलला देतो.

तिसरे टायर. नवे कोरे, खोल नक्षीचे टायर घालून जायचा मोह होतो, पण नक्षीचे उंच ठोकळे वळणावर वाकतात, तापतात आणि त्यांचे तुकडे निघतात. कोरड्या ट्रॅकवर निम्मे झिजलेले, पण तरुण टायर जास्त चांगले. तरुण म्हणजे काय, ते टायरच्या कुशीवरच लिहिलेलं असतं. शेवटचे चार आकडे '२३१९' असतील, तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही शिल्लक असली तरी म्हातारं रबर कडक झालेलं असतं.

हवेचं गणितही नीट समजून घ्यावं. टायरमधली हवा दहा अंशांनी तापली की दाब सुमारे दीड पीएसआयनं वाढतो. चार-पाच फेऱ्यांत टायर चाळीस अंशांनी तापला, तर सकाळी भरलेले ३२ हे ३८ झालेले असतात. टायर मधोमध फुगतो, जमिनीला कमी टेकतो आणि गाडी तेलकट रस्त्यावर असल्यासारखी घसरू लागते. म्हणून गाडी आत आली की लगेच, टायर गरम असतानाच, दाब मोजायचा आणि जास्तीची हवा सोडून चारही टायरांचा दाब सारखा ताब्यात ठेवायचा. संध्याकाळी परतीच्या रस्त्याला लागायच्या आधी मात्र टायर थंड करून हवा पुन्हा भरून घ्यायची. हे विसरणारे पुष्कळ. टायर वळणावर किती कलंडतो ते पाहायचं असेल, तर त्याच्या खांद्यावर खडूनं उभी रेघ ओढावी. फेऱ्यांनंतर रेघ कुठपर्यंत पुसली गेली त्यावरून हवा कमी की जास्त ते समजतं. आठ आण्यांच्या खडूचं काम आहे.

बाकीची यादी छोटी आहे. इंजिन ऑइल काठीवरच्या वरच्या खुणेपर्यंत भरलेलं असावं, कारण लांब वळणावर ऑइल एका बाजूला चढतं आणि पंपाचं तोंड कोरडं पडू शकतं. चाकांचे नट टॉर्क रेंचनं, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला घट्ट करायचे आणि दिवसात दोनदा तपासायचे. पान्यावर उभं राहून उड्या मारण्याची आपली पद्धत इथं चालत नाही. बॅटरी हलत नाही ना, ते हातानं हलवून पाहायचं. ओढून नेण्याचा हूक बसवून ठेवायचा.

आणि गाडी रिकामी करायची. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, मुलांची खेळणी, डिकीतली छत्री, सगळं बाहेर. चालकाच्या पायाखालची मॅट तर नक्कीच, ती सरकून ब्रेक पेडलखाली गेली की संपलं. डॅशबोर्डवरचा गणपती दुहेरी टेपनं चिकटवलेला असतो, पण ती टेप आपल्या रोजच्या वेगासाठी असते. एका दिवसापुरता बाप्पाला हात जोडून पिशवीत ठेवावा, म्हणजे दोघंही सुखरूप राहतात.

माणसाची तयारी

मोटारीच्या शर्यतीसाठीच्या हेल्मेटला आतून आग न पकडणारं अस्तर असतं, दुचाकीच्या हेल्मेटला ते नसतं. कोणतं चालेल हे आयोजकाला आधीच विचारावं. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, कारण नायलॉन आगीत वितळून अंगाला चिकटतं. बूट पातळ तळव्याचे. चप्पल अजिबात नाही.

बसण्याची सवय बदलावी लागते. आपण एका हातानं स्टिअरिंग धरून, रेलून गाडी चालवणारे. इथं पाठ उभी करायची. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला हवा. हात घड्याळात पावणेतीनला काटे असतात तसे, आडव्या रेषेत. आणि पाणी. चेन्नईच्या उन्हात, बंद गाडीत, डोक्यावर हेल्मेट घालून वीस मिनिटं काढली की माणूस निथळतो. दुपारनंतरच्या चुका पुष्कळदा तहानेच्या असतात.

पहिल्या फेऱ्या

सकाळी सूचनांची बैठक होते. तिथं झेंडे शिकवतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओलांडायचं नाही. लाल म्हणजे सगळं थांबलं, सावकाश आत या. निळा म्हणजे मागे तुमच्यापेक्षा वेगवान गाडी आहे. पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्त्यावर तेल किंवा पाणी. काळा म्हणजे आत या, बोलायचं आहे. चौकटींचा म्हणजे सत्र संपलं. झेंडे धरून उन्हात उभे असतात ते मार्शल. बहुतेक स्वयंसेवक, आपल्यासारखेच वेडे. मदतीला सर्वांत आधी तेच पोचणार असतात.

पहिली फेरी सावकाश. टायर, ब्रेक, ऑइल आणि माणूस, चौघांनाही तापायला वेळ द्यायचा. मग हळूहळू दोन गोष्टी लक्षात येऊ लागतात.

एक, वळणाची रेषा. ५० मीटर त्रिज्येचं वळण साध्या चांगल्या टायरवर ताशी ७५च्या आसपास घेता येतं. पण रस्त्याच्या बाहेरच्या कडेनं आत शिरलं, मध्यावर आतल्या कडेला चिकटलं आणि पुन्हा बाहेरच्या कडेला सुटलं, की गाडीचा मार्ग जास्त सरळ होतो. त्रिज्या ७० मीटर झाली तर तेच वळण ८९नं निघतं. टायर तेच, इंजिन तेच. फक्त रस्त्याची रुंदी पुरेपूर वापरली, आणि ताशी १४ किलोमीटर फुकटात मिळाले. असे किलोमीटर कुठल्याही एक्झॉस्टमधून निघत नाहीत.

दोन, टायरकडे पकडीचा एकच रुपया असतो. तो सगळा ब्रेकवर खर्चला तर वळायला दमडी उरत नाही आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. सगळा वळण्यावर खर्चला असताना ब्रेक मारलात तर तेच. म्हणून नवख्यासाठी नियम सोपा आहे: ब्रेक सरळ रेषेत, जोरात आणि लवकर उरकायचा. मग पाय सोडत वळायचं. मग स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसा अ‍ॅक्सिलरेटर. वळणाआधी उरलेलं अंतर सांगणाऱ्या पाट्या असतात. पहिल्यांदा जरा लांबच्या पाटीला ब्रेक दाबावा आणि फेरीमागून फेरी जवळ सरकावं. उलटं करू नये. उशीर झाल्याचं कळतं तेव्हा पाट्या संपलेल्या असतात.

वळणाच्या मधोमध घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडणं ही सगळ्यात नेहमीची चूक. जोरानं ब्रेक मारला तर हजार किलोच्या गाडीतला सुमारे १६० किलोचा भार मागून पुढे जातो. म्हणजे मागच्या सीटवरचे दोन धट्टेकट्टे पाहुणे उठून बॉनेटवर येऊन बसल्यासारखं. पाय नुसता सोडला तरी त्यातले थोडेफार पुढे सरकतातच. मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं मागचं टोक बाहेर झोकतं. अशा वेळी नजर भिंतीवर गेली तर हातही तिकडेच जातात. म्हणून प्रशिक्षक शेजारी बसून दिवसभर एकच गोष्ट घोकत असतो: जिथं जायचंय तिथं बघ. डोळे पुढच्या वळणावर असले की हात त्यांच्या मागे जातात.

मोटारीतली एकच गोष्ट सुधारायची असेल, तर सुधारा ती सीटवर बसलेली. एका प्रशिक्षकाचा एक तास नव्या सस्पेन्शनच्या सेटपेक्षा फेरीचा वेळ जास्त खाली आणतो आणि पुढची गाडी घेतली तरी सोबत येतो. सस्पेन्शन पहिल्या दिवशी तसंच असू द्यावं. मूळ गाडी कलते, डुलते, टायर कुरकुरवते, पण ती कुरकुर म्हणजेच तिची भाषा आहे. कडक स्प्रिंगांनी तिचं तोंड आधीच बंद केलं, तर शिकायचं कुणाकडून?

शेवटची फेरी

सत्र संपतं तेव्हा चौकटींचा झेंडा दिसतो आणि नवखा सुटकेचा श्वास टाकून तडक आत येतो. ते चुकीचं आहे. डिस्क या वेळी पाचशे अंशांच्या घरात असू शकते. वाहता वारा थांबला की ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये शिरते, आणि धावताना न उकळलेलं ऑइल उभ्या गाडीत उकळतं. म्हणून शेवटची एक फेरी वरच्या गिअरमध्ये, ब्रेकला जवळजवळ हात न लावता, वारा खात काढायची. या फेरीत रस्त्याकडेला उभ्या मार्शलांना हात उंचावून सलाम करायची रीत आहे. दिवसभर त्यांच्याकडे झेंडे म्हणून पाहिलेलं असतं, आता पहिल्यांदा त्यांचे चेहरे दिसतात.

मग गाडी पॅडॉकमध्ये येते. बॉनेट उघडायचं. हवेचा दाब टिपून ठेवायचा. पाय ब्रेकवर दाबून उभं राहायचं नाही, कारण तापलेला पॅड डिस्कला एकाच जागी चिकटून ठसा उमटवतो. हँडब्रेकही ओढायचा नाही, मागचे ड्रम आणि लायनर तापलेले असताना तो तसाच आवळून बसू शकतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, खाली उतरायचं, आजूबाजूला नजर टाकून एक बऱ्यापैकी दगड शोधायचा आणि तो मागच्या चाकाखाली सरकवायचा.

सगळीकडे करपल्याचा तो वास पसरलेला असतो. या वेळी मात्र आपल्याच गाडीचा का, हे कुणी विचारत नाही.